पाणी आलं

दिवाळीच्या चार दिवस आधी गावी पोचलो आणि पहिलं काम केलं ते दाढी-कटिंगचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव, सलून एकच. सणाची रंगरंगोटी चालू होती म्हणून खुर्ची बाहेर निंबाखाली मांडली होती. काका माझ्या गालाला साबण लावत होते आणि आत त्यांचा मुलगा पत्र्याच्या तुकड्यानं भिंत खरवडत होता. आरशामागच्या भिंतीवर वर्षानुवर्षांच्या कॅलेंडरांचे थर होते. खतवाल्याचं, बियाण्यावाल्याचं, सराफाचं. सगळ्यांच्या खालून एक रंगीत पान निघालं. कडा उदईनं खाल्लेल्या, मधोमध खिळ्याचं भोक, आणि मानेवर रुळणारे केस घेऊन रोखून पाहणारा सुनील शेट्टी. पोरानं आतूनच आवाज दिला, "भाऊ, हे काहाडून टाकू काय?" काकांना आताशा ऐकू कमी येतं, म्हणून तो मला विचारत होता. वस्तरा गळ्याशी होता. मी मान न हलवता म्हटलं, "टाक."

रात्री अंथरुणावर पडलो आणि ते 'टाक' काही केल्या डोक्यातून जाईना.

कारण ते पान तिथं कोणी लावलं होतं ते मला माहीत होतं. माझ्या चुलतभावानं, दादानं. १९९४ साली दादा वीस वर्षांचा होता, मी बारा. सहा फुटाला दोन बोटं कमी अशी उंची, विहिरीवर दोर ओढून कमावलेले दंड, आणि बोलणं कमी. त्यानं केस वाढवले आणि पंधरा दिवसांत अख्खा गाव त्याला 'शेट्टी' म्हणायला लागला. आजही गावात नव्या माणसानं त्याचं खरं नाव घेऊन घर विचारलं तर दोघं जण एकमेकांकडे पाहतात, आणि मग तिसरा म्हणतो, "अरे, शेट्टीचं घर पुसून रायले ते!" गावातल्या पोट्ट्यांचे तेव्हा दोन पक्ष होते, अक्षयवाले आणि सुनीलवाले. अक्षयवाले बहुतेक मास्तरांची, तलाठ्याची, किराणावाल्याची पोरं. अक्षय लाथ मारताना हवेत तरंगायचा, ते त्यांना आवडायचं. सुनील शेट्टी तरंगत नव्हता. तो ज्वारीचं पोतं उचलल्यासारखा समोरचा माणूस उचलायचा. त्याच्या मारामारीत वजन होतं, आणि वजन काय असतं ते आम्हा वावरातल्या पोरांना ठाऊक होतं. त्याला धड रडता येत नाही, संवाद एकाच पट्टीत म्हणतो, असं शिकलेले लोक म्हणायचे. आमच्या घरात तरी कोणत्या पुरुषाला धड रडता येत होतं?

अक्षय-सुनीलचा 'मोहरा' मुंबईत लागला १ जुलै १९९४ ला. पुढच्याच महिन्यात 'हम आपके हैं कौन' आला, आणि त्या एका पावसाळ्यानं पुढची दोन-तीन वर्षं लग्नाचे मांडव आणि पानठेले आपसात वाटून घेतले. मांडवात माधुरी, पानठेल्यावर रवीना. पण आमच्याकडे सिनेमा मुंबईबरोबर येत नसे. सिनेमाच्या धंद्यात आमचा मुलूख अजूनही 'सी.पी. बेरार' म्हणून ओळखला जातो. तो प्रांत जाऊन कैक दशकं लोटली, पण वितरकांच्या वह्यांत तो जिवंत राहिला. रिळांच्या पेट्या अमरावतीहून सुटायच्या, आधी मोठ्या शहरांत झिजायच्या आणि मग तालुक्याला लागायच्या. त्यामुळे 'मोहरा' आमच्यापर्यंत आला तो डिसेंबरात, कापसाच्या हंगामात. पडद्यावर उभ्या रेघा पडत होत्या, एखादा संवाद मधूनच तुटायचा. गाणी मात्र सगळ्यांना आधीच पाठ होती. विजू शाहचं संगीत कॅसेटवरून दिवाळीच्या आधीच गावात शिरलं होतं. कापूस वेचणाऱ्या बाया 'ना कजरे की धार' गुणगुणत ओळ धरायच्या, आणि 'मस्त मस्त' मळणीयंत्राच्या आवाजावरही मात करायचं.

त्या डिसेंबरातल्या एका रात्रीबद्दल मला लिहायचं आहे.

माझ्या काकांचा, म्हणजे दादाच्या वडिलांचा, कापूस खरेदी केंद्रावर न्यायचा होता. दोन बंड्या गच्च भरून आम्ही पहाटे निघालो. वाटेत शकुंतलेचं, आमच्याकडच्या छोट्या रेल्वेचं, फाटक लागलं. त्याच वर्षी एप्रिलात तिचं वाफेचं इंजिन काढून डिझेलचं लावलं होतं, आणि त्या नव्या इंजिनाच्या आवाजाला बैल अजून बुजत होते. दादा बैलांच्या पुढ्यात जाऊन त्यांचे कान धरून उभा राहिला, गाडी जाईपर्यंत. केंद्रावर पोचलो तर रांग पार रस्त्याच्या वळणापर्यंत. पहिली रात्र तशीच गेली. कापसावर झोपणं ज्यानं अनुभवलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. वरून थंडी, खालून ऊब, अंगाला सरकीचा तेलकट वास, आणि कुशीवर वळलं की कापूस आपल्यासोबत वळतो. दुसऱ्या रात्री काका बैलांपाशी शेकोटी करून बसले आणि म्हणाले, "जा, घेऊन जाय याले पिक्चरले. आज काही नंबर लागत नाही."

टॉकीज रांगेपासून फर्लांगभर. वर टिनाचं छप्पर, खाली शेणानं सारवलेली जमीन आणि थर्डला पाठ नसलेले बाक. आत शिरलो आणि पाहिलं तर निम्मी थर्ड आमच्याच रांगेतली. धोतरवाले, उपरणंवाले, अंगावर कापसाची बोंडं चिकटलेले लोक. कोणी शिदोरी सोबत आणलेली, कोणी बाहेरून आलुबोंडे घेतलेले. रात्रीच्या खेळाला बैलांच्या धन्यांनी असं टॉकीज भरायचं, हे दर हंगामाचंच. सिनेमा सुरू झाला आणि दादा ताठ बसला. तुरुंगातला विशाल अग्निहोत्री, ज्याच्या घराची राख झाली आणि ज्यानं ती राख करणाऱ्यांना स्वतःच्या हातानं संपवलं. त्याची गोष्ट छापणारी रोमा. आणि त्याला बाहेर काढणारा, काळा चष्मा लावलेला आंधळा जिंदाल, नसिरुद्दीन शाह. जिंदाल विशालला सांगतो, तुझा राग खरा आहे, तो वाया घालवू नको, मी तुला माणसं दाखवतो. दादाचे हात मांडीवर मुठी वळून होते. ते मी पाहिलं, पडद्याच्या उजेडात.

आणि मग ते गाणं लागलं, 'टिप टिप बरसा पानी'. रवीनाची पिवळी साडी, बांधकामाच्या जागेतला काळोख आणि धो धो पाऊस. टॉकीजचा आवाज छपराला जाऊन आदळत होता, आणि ते पावसाचं पाणी खरंच टिनावर पडतंय असं वाटत होतं. सुरुवातीला शिट्ट्या झाल्या. मग मागच्या बाकावरून एक म्हातारा आवाज आला, घाबरलेला. "पाणी आलं बे! पाणी आलं!"

क्षणभर सगळं थांबलं. आणि मग बाक कोसळले. डिसेंबरातलं पाणी म्हणजे काय ते त्या थर्डमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. बंडीवरचा कापूस उघडा. भिजला की वजन वाढतं पण रंग जातो, प्रत जाते, आणि वर्षभराची मेहनत घेणाऱ्याच्या एका चिमटीत ठरते. तीस-चाळीस माणसं अंधारात एकमेकांच्या अंगावरून दाराकडे धावली. दादानं माझ्या खांद्यावर हात दाबला, "तू अठीच बस," म्हणाला, आणि गेला. मी जागेवरून हललो नाही. पडद्यावर पाऊस पडत राहिला. थोड्या वेळानं लोक एकेक करून परत यायला लागले, धापा टाकत. बाहेर आभाळ लख्ख होतं, चांदण्या होत्या. कोणीच हसलं नाही. म्हाताऱ्याला कोणी काही बोललं नाही. बाक सरळ करून पुन्हा बसले आणि पुढचा सिनेमा पाहू लागले. दादा माझ्या शेजारी आला की नाही, हे मला आठवत नाही. पुढचं मला फक्त पडद्यावरचं आठवतं.

त्या पिवळ्या साडीतल्या बाईला आम्ही तेव्हा काय पाहिलं, ते आज सांगायला जीभ अडखळते. तिनं पुढे मुलाखतींत सांगितलं आहे की त्या जागेवर दगड-खिळ्यांत अनवाणी नाचावं लागलं, पाणी गार होतं आणि अंगात ताप होता. हे वाचलं तेव्हा मला आमच्या वावरातल्या बाया आठवल्या, डिसेंबरच्या दंवात पहाटे ओल्या लुगड्यांनी वेचायला उभ्या राहणाऱ्या. आणि ती भूमिका मुळात तिची नव्हतीच. ती दिव्या भारतीची होती. ५ एप्रिल १९९३ ला दिव्या गेली, अवघी एकोणीस वर्षांची. सुनील शेट्टीचा पहिला सिनेमा 'बलवान' तिच्याच जोडीनं १९९२ मध्ये आला होता. 'मोहरा' पाहताना हे कोणाच्या मनात येत नाही, पण एकदा कळलं की त्या रोमाच्या जागी मधूनच एक रिकामी आकृती दिसायला लागते. रवीना मात्र त्या गाण्यात अडकून पडली नाही. २००१ मध्ये 'दमन'साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे 'अरण्यक'मध्ये तिनं डोंगरातल्या ठाण्याची थकलेली, खमकी फौजदारीण केली, २०२३ मध्ये पद्मश्री आली. मला ती फौजदारीण फार आवडली. तिच्या चेहऱ्यावर वय होतं आणि ते तिनं लपवलं नव्हतं.

अक्षयचं काय सांगायचं! 'खिलाडी'पासून जो धावायला लागला तो थांबलाच नाही. मध्ये सिनेमे पडले, मग विनोदात शिरला, मग देशभक्तीत. २००९ ला पद्मश्री, 'रुस्तम'साठी राष्ट्रीय पुरस्कार. २०२१ च्या दिवाळीत 'सूर्यवंशी' आला आणि त्यात तेच पाऊसगाणं पुन्हा, नायक तोच, नायिका नवी. सत्तावीस वर्षांनी. नायिकेचं पान उलटतं आणि नायकाचं नाही, हे मला तेव्हा फार खटकलं, आजही खटकतं. पण २०१५ च्या दुष्काळात त्यानं महाराष्ट्रातल्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी मदत पोचवली होती, हेही मी विसरत नाही.

आणि नसिरुद्दीन शाह. त्या रात्री मला तो फक्त चष्मेवाला जिंदाल होता. कॉलेजात अमरावतीला गेल्यावर सई परांजप्यांचा 'स्पर्श' पाहिला, आणि चक्रावून गेलो. हाच माणूस तिथं खराखुरा अंध होता, अंध मुलांच्या शाळेचा मुख्याध्यापक, कोणाची दया न घेणारा. त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. बोटांनी जग चाचपणारी ती भूमिका ज्यानं केली, त्यानंच पुढे आंधळेपणाचं सोंग घेणारा माणूस उभा करावा, आणि दोन्ही तितकेच खरे वाटावेत! मी 'मोहरा' पुन्हा पाहिला तो त्याच्यासाठी. दिग्दर्शक राजीव रायनं 'त्रिदेव', 'विश्वात्मा', 'मोहरा', 'गुप्त' असे एकामागून एक सिनेमे दिले, आणि १९९७ मध्ये त्याच्यावर गुंडांचा हल्ला झाला. तो देश सोडून गेला. नंतर एक-दोनदा परतला, पण ती हवा परत आली नाही. माणसाचं काम उमेदीत असताना असं मोडतं याचं मला वाईट वाटतं.

राहिला सुनील शेट्टी. 'बॉर्डर'मधला भैरोसिंग आमच्या गावात गणपतीला व्हिडिओवर लावला तेव्हा बायका पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. २००० साल त्याचं खास. मार्चमध्ये 'हेरा फेरी', ज्यात 'मोहरा'तलेच तिघं, अक्षय, सुनील आणि परेश रावल, पुन्हा एका छपराखाली आले. ऑगस्टमध्ये 'धडकन', ज्याच्यातल्या देवसाठी त्याला खलनायकाचा फिल्मफेअर मिळाला. ज्याला रडता येत नाही म्हणायचे त्यानं त्या सिनेमात साऱ्या गावाला रडवलं. नंतर तो हळूहळू बाजूला झाला. कसलाही आरडाओरडा नाही, हॉटेलं सांभाळली, पोरं मोठी केली. वडील मुंबईत हॉटेलात टेबलं पुसायचे हे तो अभिमानानं सांगतो. दादाला ते फार आवडायचं. "बापाचं सांगते तो," म्हणायचा, "लपवत नाही."

२०२३ च्या जुलैत टमाट्याचे भाव चढले, आणि सुनील शेट्टी एका मुलाखतीत म्हणून गेला की हल्ली आम्हीही टोमॅटो कमी खातो. शेतकऱ्यांना ते लागलं. फोनवर फोन फिरले. दादाच्या पोरानंच बापाला दाखवलं ते. मी तेव्हा गावी होतो. दादानं दोन वर्षांआधी अर्धा एकर टमाटे लावले होते आणि तोडणीची मजुरी निघेना म्हणून त्यात ढोरं सोडली होती. तो बराच वेळ काही बोलला नाही. दोन दिवसांनी शेट्टीनं माफी मागितली, शेतकऱ्यांबद्दल वाईट बोलणं आपल्या स्वप्नातही येणार नाही म्हणाला. मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मागतली ना माफी? मंग झालं." आणि थोडं थांबून, "आपल्याले कोन मागतली आजवर?"

याच्यामागे एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 'मोहरा' पाहिला त्याच्या दोन-तीन वर्षांनंतर तालुक्याच्या एका पुढाऱ्याची नजर दादावर पडली. कापसाच्या भावावरून दादा पेटलेला असायचा, आणि त्याचा राग खरा होता. त्या रागाला पुढाऱ्यानं जीप दिली, डिझेल दिलं, दहा पोट्टे दिले. कुठं रस्ता अडवायचा, कोणाचं दुकान बंद करायचं, हे तो सांगायचा. सूतगिरणीत लावून देतो म्हणाला होता. एका आंदोलनात काचा फुटल्या, डोकी फुटली, आणि गुन्हा लागला तो दादावर. पुढारी त्या दिवशी गावातच नव्हता. पुढची नऊ वर्षं दादा तारखांना जात होता. एक एकर विकलं गेलं. केस पहिल्या वर्षातच कापले होते. पुढारी पुढे मोठा झाला. दादानं त्याच्याबद्दल वाईट शब्द काढलेला मी कधी ऐकला नाही. तो एवढंच म्हणायचा, "त्याले माहीत नसन तठी का होऊन रायलं ते. माहीत असतं तर सोडवलं असतं त्यानं."

हे सगळं त्या रात्री उजळणीसारखं डोक्यातून गेलं. सकाळी उठून सलूनात गेलो. भिंतीला निळा डिस्टेंपर लागून वाळलाही होता. मी पोराला विचारलं तर त्यानं आरशाखालचा खण ओढला. पान तिथं होतं, दोन घड्या घातलेलं. "बाबा म्हने, ठेव. शेट्टीभाऊचं आहे."

भाऊबीज झाल्यावर एका संध्याकाळी ते पान घेऊन मी दादाच्या वावरात गेलो. त्या आठवड्यात लाइन, म्हणजे शेतीची वीज, रात्रीची होती, बारानंतर कधीही. हरभऱ्याला स्प्रिंकलर मांडून ठेवले होते. मोटरला ऑटो आहे, पण दादाचा त्याच्यावर विश्वास नाही. पाइप निसटला तर सकाळपर्यंत एकाच जागी तळं होतं म्हणतो. म्हणून तो विहिरीपाशी माळ्यावर जागत बसतो, रानडुकरांसाठी बॅटरी आणि काठी घेऊन. मी पान उलगडून दिलं. त्यानं बॅटरीच्या उजेडात पाहिलं, खिळ्याच्या भोकावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "त्या रोजी मी पुरा पाह्यलाच नाही तो."

"काय नाही पाहिला?"

"पिक्चर. म्हातारा वरडला, मी बंडीवर गेलो. पाणी नव्हतं, पण बाबा झोपले होते अन् शेकोटी कापसाच्या मेरे लय जवळ आलती. मी तठीच बसलो. सुटला तेव्हा दारात उभा रायलो, तू येतपर्यंत."

तीस वर्षं. गावानं त्याला शेट्टी म्हटलं, त्याच्याकडून फायटिंगच्या गोष्टी ऐकल्या, आणि त्यानं शेवट कधी पाहिलाच नव्हता. टीव्हीवर लागायचा तेव्हा एक तर लाइट जायची, नाहीतर तो उठून जायचा. विचारणार कोणाला? शेट्टीनंच 'मोहरा' पाहिला नाही, हे सांगणार कसं? मी त्याला काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी घरून सिनेमा मोबाइलवर उतरवून घेतला आणि रात्री पुन्हा गेलो. जेवणाचा डबा, एक घोंगडी, आणि फोन पाण्याच्या कॅनला टेकवून उभा केला. गाणं आलं तिथून पुढे लावला. गाण्यात तो खाली पाहत होता. मग वर पाहायला लागला आणि शेवटपर्यंत त्याची नजर हलली नाही. वीस वर्षांचा असताना बसायचा तसाच ताठ. फक्त मुठी वळलेल्या नव्हत्या. हात नुसते मांडीवर होते, उलटे, तळवे वर.

मग ती जागा आली, जिथं विशालला कळतं की जिंदाल आंधळा नाही. दादा पुढे सरकला. मी सिनेमा पाहत नव्हतो, त्याला पाहत होतो. त्याचे ओठ जरासे हलले, आवाज आला नाही. पुन्हा हलले.

"ह्याले दिसत होतं," तो म्हणाला. "पुरं दिसत होतं ह्याले."

मी फोन थांबवायला हात पुढे केला तेवढ्यात खांबावरचा दिवा पेटला. लाइन आली होती. दादानं घोंगडी बाजूला सारली, बॅटरी उचलली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठला. स्टार्टरचं बटण दाबल्याचा आवाज आला, मोटर घरघरली, आणि थोड्या वेळानं अंधारात, दूरच्या नोझलपासून सुरू होऊन, हरभऱ्यावर पाणी पडायला लागलं. तो एकेक नोझल बॅटरीनं पाहत धुऱ्यानं पुढे गेला. माझ्यापाशी फोनवर सुनील शेट्टी अजून लढत होता.